अर्धी गोळी नदीला

वैनी,

दहाव्याला तात्यांनी मला पुढं ढकललं. म्हणाले, "धाकटा दीर हाईस, दोन शबूद बोल." मी उभा राहिलो, टोपी सारखी केली, "वैनी लई चांगल्या होत्या" एवढं बोललो आणि खाली बसलो. तुम्ही असता तर हसून हसून बेजार झाला असता. एरवी भावजींच्या तोंडाचा पट्टा बंद होत नाही आणि नेमक्या वेळेला फ्यूज उडाला, असं काहीतरी ऐकवलं असतं. म्हणून आता लिहायला बसलोय. बोलायचं ते आपलं आपलं बोला, पण लिहायचं ते नीट लिहा, असं तुम्ही माझी बिलं वाचून म्हणायचात. नीट लिहितोय. चूक निघाली तर या सांगायला.

आधी पिशवीचं सांगतो. ती आमच्या घरी आहे, मोरीबाहेरच्या खुंटीला. तीच निळी, साडीच्या दुकानाची, तुमच्या उशाशी असायची ती. बीपीच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, त्या मोठ्या दुखण्याच्या कॅप्सुला, खोकल्याच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या, पाठीला लावायच्या पट्ट्या, पिळून चपट्या झालेल्या मलमाच्या नळ्या, सगळं जसं होतं तसं आहे. नदीत गेलं नाही. तुम्हाला दिलेला शब्द मी पाळला. पण पाळून असा अडकलोय की पुढं काय करायचं ते कळत नाही, आणि सांगायला तुम्ही नाही. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावलोय, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी भोरात सावडून आपण राख सोडायला गावी गेलो, विंझरकडं. आपण म्हणतोय मी. तुम्ही पण होताच की, दादाच्या हातातल्या गाडग्यात. आपल्या भावकीची रीत तुम्हाला ठाऊक आहे. राख नदीत सोडायची आणि तिच्यामागं गेलेल्याचं अंथरूण, अंगावरचं कापड, उशाशी असलेलं सगळं सोडून, मागं वळून न बघता घरी यायचं. पूर्वी माणसाच्या उशाशी तांब्या आणि पानाची चंची असायची. आता अख्खं मेडिकल असतं. तेही त्याच रीतीनं पाण्यात जातं. कुणाच्या मनात काही वाईट नसतं, उलट मायाच असते.

"पिशवी दे हिकडं," तात्या म्हणाले. आमचे चुलते, भावकीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही.

"न्हाई तात्या. वैनींनी सांगितलंय, औशदं पान्यात सोडायची न्हाईत."

"आरं, मानसाचं दुखनं त्याच्याबरूबर जाऊ द्यावं. घरात ठिवलं तर घराला धरतं."

"आन पान्यात सोडलं तर पान्याला धरतं."

"नदी काय आजारी पडती व्हय रं?"

सगळे दादाकडं बघायला लागले. नवरा तो, त्यानं सांगितलं असतं तर मला द्यावीच लागली असती. दादा गाडगं पोटाशी धरून पाण्यात गुडघाभर उभा होता आणि त्याला आमचं भांडण ऐकू येत होतं की नाही, कुणास ठाऊक. मी पिशवी उचलली आणि जीपमध्ये जाऊन बसलो. ह्याला पिशवीत काय सोनं दिसतंय काय, असं मागं कुणीतरी म्हणालं. तुमची राख पाण्यात जाताना मी बघितली नाही वैनी. ह्या पिशवीपायी तेवढं राहून गेलं.

हे सगळं त्या दोन पोरींमुळं सुरू झालं. भोरच्या कॉलेजात तुम्ही प्रयोगशाळेत मदतनीस होता, बरण्या धुवायच्या, काचेची नळकांडी पुसायची. पुण्याहून त्या दोघी आल्या, नीरा नदीचं पाणी आणि मासे तपासायला. नदीची माहिती असलेलं माणूस पाहिजे म्हणाल्या आणि सरांनी तुमच्याकडं बोट दाखवलं. तुमचं माहेर नदीकाठचं, मासळी म्हटलं की तुम्ही जेवण सोडून उठणार. मग काय, पदर खोचून निघालात त्यांच्याबरोबर. मी त्या दिवशी पुलाजवळच्या नव्या बिल्डिंगीत बाथरूमचं काम करत होतो. खालून हाक आली, "भावजी, जाळ्याचं एक टोक धरायला या." हातातला पाना टाकून आलो. आता वैनीच बोलावते म्हटल्यावर!

तिथं तुम्ही एक दगड उलटा करून दाखवला. खाली बोटभर शेवाळ आणि त्यात लालसर, केसासारख्या अळ्या वळवळत होत्या. मला शिसारी आली. तुम्ही म्हणालात, "ही पंगत बघा भावजी. गावातल्या मोऱ्यांतनं औशदाचं, साबनाचं पानी येतं, ते ह्या शेवाळात मुरतं. शेवाळ आळी खाती, आळीला चिलापी खाती. वाचल्या आळ्या त्यांची चिलटं व्हत्यात, चिलटाला कोळी खातो, कोळ्याला पाखरू. वाढपी एकच, पंगत सगळी."

"म्हंजे माशांची डोकेदुखी थांबली म्हनायची!"

तुम्ही आधी खळखळून हसलात. मग त्या पोरींनी सांगितलेलं मला सांगितलंत. बायकांच्या काही गोळ्यांनी नर माशाचं नरपण जातं. मन शांत करायच्या गोळ्या पाण्यात उतरल्या की माशाची भीती कमी होते, बगळा डोक्यावर आला तरी तो हलत नाही. भिऊन पळणं हाच ज्याचा धंदा, त्याची भीतीच काढून घेतली तर त्यानं जगायचं कसं, असं म्हणालात. त्या पोरी बाटल्या भरून घेऊन गेल्या. आपल्या नीरेच्या पाण्यात काय सापडलं, ते कुणी परत येऊन सांगितलं नाही. तुम्ही वाट बघितलीत, चौकशी केलीत, मग तेही सोडलंत. पण पंगत काही तुमच्या डोक्यातनं गेली नाही.

त्यानंतर घरात कुणाची धडगत नव्हती. सुमनचा केसांचा कलप, तुमच्या पोरीची, राणीची, गोरं व्हायची क्रीम, माझं सेंट, दादाचं दाढीचं पाणी, सगळ्याची झाडाझडती. सुमन म्हणायची, "आक्का येताना दिसल्या की मी आधी शाम्पू लपिवते." माझी बायको तुमची धाकटी जाऊ असली तरी तुम्हाला भ्यायची नाही, पण शाम्पू लपवायची. तुम्हाला ते माहीत होतं. चहा पिऊन निघताना तुम्ही मुद्दाम मोरीत डोकवायचात आणि "वास तर येतोय बाई" म्हणून जायचात.

माझ्यावर तर तुमचा खास राग. दर रविवारी तेच.

"तुमी पाइप जोडता, तो जातो कुठं?"

"गटारात."

"आन गटार?"

"वैनी, मी पलंबर हाय. पानी घरातनं भाईर काढनं माझं काम. पुढचं पुढच्यांनी बघावं."

"पुढं कोन हाय?"

"मला काय म्हाईत!"

"पुढं चिलापी हाय," तुम्ही म्हणायचात, आणि माझ्याच ताटात चिलापीचा तुकडा वाढायचात.

मला लई राग यायचा. ह्या धंद्याला मला लावलं कुणी? तुम्हीच ना! तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी शाळेत मार खात होतो. दादाला तुम्ही सांगितलंत, पोरगं हातानं हुशार आहे, त्याला पुस्तकावर कशाला बडवताय, काम शिकू द्या. दादा तुमचं ऐकायचा. तुमच्यामुळं माझ्या हातात पाना आला, घर झालं, सुमन आली. आणि त्याच पान्यावरनं तुम्ही माझ्याशी भांडायचात. एकदा मी चिडून म्हणालो, माझ्या पोटावर पाय देऊ नका. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? "आवो, मी बी त्याच पाइपात मुतते भावजी. मी कुठं येगळी हाय?" दादाला ठसका लागला. राणी लाजून उठून गेली. आणि मला हसू आवरेना, मग भांडण कसलं करतोय.

तेव्हा तुमची बीपीची गोळी सुरू झालेली होती. रोज सकाळी चहाआधी गोळी तळहातावर घ्यायची आणि म्हणायचं, "आर्धी मी, आर्धी नदी." पोटात गेलेलं सगळं अंगाला लागत नाही, बरंचसं तसंच बाहेर पडतं, हे त्या पोरींनीच तुम्हाला सांगितलेलं. मला वाटायचं, चेष्टा करताय. मग शुगरची गोळी आली. मग ते मोठं दुखणं आलं आणि गोळ्या मूठभर झाल्या. तरीही तुम्ही प्रत्येक मुठीला तेच म्हणायचात, पण आता हसत नव्हता.

त्या दिवसांतलं आपलं एक भांडण तसंच राहिलंय. तुम्हाला दुपारची गोळी दिली होती. तुम्ही ती हातात घेऊन बसून राहिलात. किती वेळ! दादा वैतागून बाहेर गेला. मी म्हणालो, घ्या की. तुम्ही म्हणालात, ही लई जहाल आहे, खाली पाण्यात काय करील कुणास ठाऊक. माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, "मग काय मानसांनी मरायचं का माशांसाठी?"

"तसं म्हटलं का मी?" एवढंच बोललात आणि गोळी घेतलीत.

मी उत्तर दिलं नाही. पुढं कधी तो विषय निघाला नाही. आता रोज निघतो, मी एकटाच दोन्ही बाजूंनी बोलतो.

खरं म्हणजे मी ओरडून विचारलं त्याचं उत्तर तुम्ही दिलं होतं, मला तेव्हा पुरतं कळलं नाही. पुण्याच्या दवाखान्यातनं तुम्हाला शेवटचं घरी आणत होतो. भोरात शिरताना पुलावर तुम्ही जीप थांबवायला सांगितली. उतरायची ताकद नव्हती, काचेतनंच बघत होता. पाणी कमी होतं, गटाराच्या तोंडाशी फेस साचलेला आणि त्या फेसाशेजारी एक बगळा एका पायावर उभा. तुम्ही म्हणालात, "भावजी, जे माझ्या पोटातनं जातंय त्याला माझा इलाज न्हाई. मला जगायचंय. राणीचं बाळतपन करायचंय मला. पन पिशवीत जे उरंल, त्याला तरी इलाज हाय का न्हाई?"

"हाय की."

"काय हाय?"

"बघतो मी."

तुम्ही हसलात. "पलंबर बघतो म्हनला की काम व्हत नसतंय." मग माझा हात धरलात आणि म्हणालात, "रीत म्हनून सोडतील. सोडू देऊ नका." मी हो म्हणालो. त्या वेळी मला वाटलं, ह्यात काय अवघड आहे? नदीत टाकायची नाही एवढंच ना?

नदीत नाही तर कुठं, हे तुम्ही विचारलंत आणि मी थापा मारल्या, त्याची फळं आता भोगतोय. गावाहून पिशवी घेऊन आलो आणि आधी मेडिकलवाल्याकडं गेलो. तो चांगला माणूस, तुम्हाला ओळखणारा. पिशवीत हात घालून बघितलं आणि हळूच परत सरकवली. फोडलेली पाकिटं घेता येत नाहीत म्हणाला. मग दवाखान्यात गेलो. तिथली सिस्टर म्हणाली, आमचा कचरा न्यायला गाडी येते, पण त्यात बाहेरचं घालता येत नाही. वरून म्हणाली, "काका, सगळे असंच विचारायला आले तर काय करायचं आम्ही?" मी म्हणालो, "बाई, सगळे येत न्हाईत, हेच तर दुखनं हाय." ती वरमली, पण पिशवी काही घेतली नाही. घंटागाडी आली तेव्हा पिशवी घेऊन रस्त्यावर उभा राहिलो. गाडीवरच्या ताईंनी विचारलं, "ओला का सुका?" म्हटलं, बाटल्या ओल्या, गोळ्या सुक्या. आणि दोन्हीपैकी कशातही टाकलं तरी शेवटी ढिगावर जाणार, आणि ढिगावर पाऊस पडला की पाणी उताराला पळणार. पाण्याचा उतार कुठं असतो हे मला कुणी शिकवायला नको. मागारी आलो.

सुमन म्हणाली परसात पुरा. परसाला लागून विहीर आहे. म्हणाली जाळा. दोन पाकिटं जाळून बघितली तर असा काही धूर निघाला की शेजारचे भांडायला आले. मग पिशवी खुंटीला लावली. येता जाता खांद्याला घासते. सुमन तिकडं बघत नाही, मोरीत जाताना तोंड फिरवून जाते. परवा म्हणाली, "आक्कांचं घरात दुसरं काय बी ऱ्हाऊ दिलं न्हाई तुमी लोकांनी, साडी न्हाई, चप्पल न्हाई, आन औशदं तेवढी ऱ्हायली." एवढं बोलली आणि मोरीत जाऊन रडली. मी बाहेर उभा, डाव्या हाताला पिशवी.

मग दहावा आला. सगळी भावकी नदीवर. पुरुषांनी डोकी भादरली आणि पाण्यात उतरले. प्रत्येकाच्या हातात नवी साबणाची वडी, कुणाकडं शाम्पूच्या पुड्या. तुमच्या नावानं सगळ्यांनी फेस केला वैनी! भादरलेल्या डोक्याला शाम्पू! तात्या अंगाला साबण चोळत होते, दादाच्या पाठीला कुणीतरी लावून देत होतं, मीही लावला. पांढरा फेस खाली वाहत चालला होता आणि बारकी मासळी त्यात तोंडं घालत होती. मी एका पिशवीसाठी सगळ्यांशी वाकडं घेतलं आणि हितं भावकीच्या अंगावरनं नदी साबण पीत होती. हसावं का रडावं ते कळेना. तुम्ही असता तर पदर खोचून एकेकाला पाण्यातनं बाहेर ओढलं असतं.

पिंड ठेवले. मी मनाशी तयारी करून आलो होतो. कावळा शिवणार नाही, ह्याची मला खात्री होती. राणी सासरहून, आंबवड्याहून आली होती, सातव्या महिन्यात, तिला बघून तुमचा जीव घुटमळणारच. आणि पिशवी तर आहेच. कावळा थांबला की मी सगळ्यांसमोर हात जोडून मोठ्यानं म्हणणार होतो, वैनी, औषधं पाण्यात जाणार नाहीत. तात्यांनी ऐकावं, भावकीनं ऐकावं आणि पुढच्या वेळेला कुणीतरी आठवण ठेवावी. पाठ करून आलो होतो.

मी हात जोडतोय तोवर कावळा आला. सरळ पिंडावर बसला, घास घेतला आणि उडाला. तात्या म्हणाले, "बगा, काय सुदिक ऱ्हायलं न्हाई माऊलीचं." बायका डोळे पुसत समाधानानं उठल्या. माझे हात जोडलेले तसेच राहिले. काही राहिलं नाही? राणीचं बाळंतपण राहिलं नाही? पिशवीचं राहिलं नाही? तुम्ही सुटलात वैनी, इतक्या झटकन सुटलात, की मला बोलायला पण वेळ दिला नाहीत. अडकलोय तो मी. माझ्यासाठी कुठला कावळा बोलवायचा?

त्यानंतरचं एक सांगायचं राहिलं, आणि ते ऐकून तुम्ही नक्की हसणार. गच्चीवर टाकी बसवत होतो, एकदम डोळ्यांपुढं अंधारी आली. पाइप धरला म्हणून वाचलो. सुमननं ओढत डॉक्टरकडं नेलं. बीपी निघालं. चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेलो तर त्यानं फळीवरनं पाकीट काढून समोर ठेवलं. गुलाबी पाकीट. तुमचंच. तीच गोळी, तेवढीच.

घरी येऊन पिशवी खुंटीवरनं काढली. तुमची न फोडलेली पाकिटं होती त्यात. ती घेऊन परत डॉक्टरकडं गेलो. त्यांनी उलटंपालटं करून बघितलं, तारीख बघितली, म्हणाले, "चालतील. पण आपल्या मनानं दुसरं काही काढून खाऊ नका त्यातलं." सुमन आधी नको नको म्हणत होती, गेलेल्याचं औषध कसं खायचं. मग तिनंच सकाळी चहाआधी गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

एवढा हिंडलो, एवढ्या दारांत उभा राहिलो, तुमच्या गोळ्यांना एकच जागा मिळाली. माझं पोट. आणि तिथून वाट कुठं जाते ते आपल्या दोघांना माहीत आहे. मोरीशेजारच्या संडासाचं सगळं काम मी स्वतः केलंय. कुठला पाइप कुठल्या सांध्यातनं वळून गटाराला मिळतो, डोळे झाकून सांगेन. फ्लशच्या बटणावर हात ठेवून मी आत उभा असतो आणि सुमन बाहेरून ओरडते, "झोपला का काय आत?" बटण दाबावंच लागतं वैनी. घरात दुसरी जागा नाही. पिशवीतलं बाकीचं सगळं खुंटीला तसंच आहे, त्या जहाल कॅप्सुला, पट्ट्या, बाटल्या. त्या गोळ्यांचं दुखणं तर मला होऊ नये. मग त्यांचं काय करायचं? बघतो मी.

गावाखालची आपली नदी पुढं जाऊन नीरेला मिळते, हे तुम्हीच मला दाखवलं होतं, चिलापी आणायला गेलो होतो तेव्हा. तिकडून तुमची राख गेली. भोरातनं माझ्या मोरीचं पाणी जातं. आज सकाळी गोळी तळहातावर घेतली आणि तोंडातनं आपोआप गेलं, अर्धी मी, अर्धी नदी. तुम्ही "तसं म्हटलं का मी?" म्हणाला होता, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय ना? नाही म्हटलं तुम्ही तसं. जगायचं, आणि जगताना खाली कोण आहे ते माहीत असू द्यायचं, एवढंच म्हणत होता. मला आता माहीत आहे, आणि माहीत असून बटण दाबतोय.

खाली दोन्ही पाणी एक होतात तिथं माझी अर्धी गोळी येईल. बघून ठेवा. तुमच्याच पाकिटातली आहे.